पाठ न टेकणारा पैलवान आणि आयकिडोची उकेमी : एका प्रकरणाचा अभ्यास

कोल्हापुरात आयकिडोचा क्लास चालवायचा म्हणजे आज ना उद्या दारात पैलवान येणार हे धरूनच चालायला पाहिजे. इथं पेठेपेठेत तालीम, शाहू महाराजांनी कुस्तीला जो राजाश्रय दिला त्याच्या खुणा अजून सगळीकडे, खासबाग मैदान १९१२ सालचं, आणि बऱ्याच घरात एखादा काका किंवा आजोबा असतोच जो मोतीबाग नाहीतर गंगावेश तालमीत राहून मेहनत करून आलेला आहे. आमच्याकडे असा आखाड्यात मुरलेला माणूस शिकायला आला आणि पुढचे कितीतरी महिने आख्ख्या क्लासचं शिकणं-शिकवणं ढवळून निघालं. ते नीट लिहून ठेवतोय, कारण ज्युदो, कराटे, जुजुत्सू शिकवणाऱ्यांकडेही असा माणूस कधीतरी येणारच. आमच्याकडे आलेल्या त्या माणसाला विचारूनच लिहितोय, नाव लिहीत नाही, नुसतं पैलवान म्हणतो. क्लासमध्येही सगळे तेच म्हणतात.

ज्यांना आयकिडो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. ही जपानी कला मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी घडवली, ते सोकाकु ताकेदांकडे दाइतो-र्यू ही जुजुत्सूची परंपरा शिकलेले होते आणि आयकिडो हे नाव १९४२ पासून रूढ झालं. आयकिकाई परंपरेत, म्हणजे आम्ही करतो त्यात, स्पर्धा नाही. जोडी लावायची, एक जण पकडणार किंवा वार करणार तो उके, दुसरा त्याला फेकणार किंवा दाबून धरणार तो नागे. साधारण चार वेळा एकानं करायचं, डावीकडून उजवीकडून, मग भूमिका बदलायची. म्हणजे मॅटवरचा निम्मा वेळ तुम्ही पडत असता. पडण्याच्या कलेला उकेमी म्हणतात आणि ती येत नसेल तर निम्मं आयकिडो शिकताच येत नाही. हे निम्मं म्हणजेच हे सगळं प्रकरण.

पैलवान कोण

करवीर तालुक्यातल्या गावचे, वय चाळिशीच्या पुढं, लहानपणी वडिलांनी कोल्हापुरात तालमीत आणून ठेवलेलं, गावोगावच्या जत्रांच्या मैदानात कुस्त्या मारलेल्या. उजव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि कुस्ती सुटली. आता शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर आहेत. मुलगी आठवीत, ती आमच्या क्लासला यायला लागली आणि हे तिला सोडायला येऊन दाराजवळच्या बाकावर बसून राहायचे. आमचा क्लास मंगळवार पेठेत एका तालमीच्या वरच्या हॉलमध्ये भरतो, खाली जुना आखाडा आहे पण तिथं आता फुटबॉल टीमचं सामान जास्त आणि माती कमी. एक दिवस आमचे शिकवणारे सरच म्हणाले, "पैलवान, बसून काय करताय, या की मॅटवर." आले. चप्पल काढली, मॅटला हात लावून कपाळाला लावला, आखाड्यात उतरताना लावतात तसा, आणि कुणी न सांगता कोपऱ्यात जाऊन बैठका मारायला लागले.

अंगात ताकद, शिस्त, बॅलन्स, सगळं होतं, आणि वाटलं की आता हा माणूस भराभरा शिकणार.

अडचण नेमकी काय होती

दोन अडचणी होत्या आणि त्या एकमेकीत गुंतलेल्या होत्या म्हणून आधी कळायलाच वेळ लागला.

पहिली पकडीची. अगदी सुरुवातीचा सराव असतो, समोरच्यानं तुमचं मनगट धरायचं आणि तुम्ही वळून त्याच्या शेजारी जायचं, तेनकान म्हणतात त्याला. पैलवानांनी मनगट धरलं की धरलं, कंबर खाली सोडायचे, पाय रोवायचे आणि गप्प उभे राहायचे. कॉलेजची पोरं, बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई, आणि वर्षानुवर्षं येणारे आमचे सीनियर सुद्धा, कुणालाच वळता येईना. पोरं वैतागली, एक जण तर उघड म्हणाला की सर मग हे चालतच नाही की खऱ्या माणसावर.

दुसरी पडण्याची, आणि ही जास्त गंभीर. कुस्तीत पाठ टेकली की संपलं, चीतपट, अस्मान दिसलं. पैलवानाला लहानपणापासून एकच गोष्ट हाडात भरलेली असते की काही झालं तरी पाठीला माती लागू द्यायची नाही. पडायची वेळ आली तर हवेतच वळायचं आणि पोटावर पडायचं, पोटावर पडलेल्याला अजून चीत करायचं राहिलेलं असतं म्हणजे कुस्ती जिवंत असते. ते नाही जमलं तर डोकं टेकवायचं, मानेची कमान करायची आणि खांदे वर ठेवायचे. हे सगळं आखाड्यात शंभर टक्के बरोबर आहे. तिथली माती खोदलेली, चाळलेली, तेल ताक हळद लिंबू कापूर घालून मऊ केलेली असते. आमच्याकडे शहाबादी फरशीवर एकमेकीत अडकवायच्या फोमच्या मॅट, त्यावर हवेत पीळ घेऊन पडलं की भार येतो तो टेकवलेल्या हाताच्या मनगटावर, आणि ह्यांच्या बाबतीत त्या दुखऱ्या गुडघ्यावर. मानेची कमान तर विचारूच नका. आमची मागची उकेमी बरोबर उलटी आहे, हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, एक पाय दुमडून टाचेजवळ बसायचं, पाठ गोल करून लोळायचं, हात अंगापासून थोडे लांब सपाट आपटायचे आणि डोकं जमिनीला लागूच द्यायचं नाही. प्रत्येक सूचना पैलवानांच्या शरीराला सांगत होती की हर.

तो गुरुवार

इरिमिनागे चालू होतं. त्यात नागे उकेच्या बाजूनं मागं शिरतो, त्याचं डोकं आपल्या खांद्याशी घेतो, वळवतो आणि मग हात त्याच्या चेहऱ्यासमोरून वर नेऊन खाली आणतो, उके मागच्या मागं पाठीवर जातो. पैलवानांसमोर इंजिनिअरिंगचा दुसऱ्या वर्षाचा पोरगा होता, चांगला शिकणारा, त्यादिवशी त्याला ते टेक्निक खरंच लागलं. पैलवानांची पाठ मागं जायला लागली आणि पुढं जे झालं ते बघणाऱ्यांनाही नीट दिसलं नाही इतकं पटकन झालं, त्यांची कंबर खाली गेली, हात पोराच्या मांडीमागं गेला, एकेरी पट निघाला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव, आणि पोरगा हवेत. त्यानं पडताना हात टेकवला. मनगट सुजलं, एक्स-रे काढला, फ्रॅक्चर नव्हतं, क्रेप बँडेज आणि काही आठवडे सुट्टी एवढ्यावर निभावलं.

पुढच्या क्लासला त्याची आई आली आणि तिचं चिडणं अगदी रास्त होतं. "आम्ही पोराला स्वतःचा बचाव शिकायला पाठवतोय, पैलवानाबरोबर कुस्ती खेळायला नाही." पैलवान उठून समोर आले, हात जोडले, "ताई, चूक माझी हाय, तुमच्या पोराची न्हाई आणि सरांची बी न्हाई." ती गेल्यावर जिन्यात ते सरांना म्हणाले ते मला शब्दाशब्दाला आठवतं. "मी जाणून न्हाई केलं सर. पाठ मागं गेली की हात आपोआप खाली जातोय. मी यायचं बंद करतो, पोरीला तेवढं शिकवा."

काय करायचं ठरलं

सीनियर लोकांची चर्चा झाली. एकाचं म्हणणं की थांबवावं, इतरांच्या हातापायाची जबाबदारी आपली आहे. दुसऱ्याचं म्हणणं की त्यांना फक्त नागे करू द्यावं, ते फेकतील, पडणार नाहीत, मग रिफ्लेक्सचा प्रश्नच येत नाही. तिसरं की नुसतं जो आणि बोकेनचं काम द्यावं, काठी आणि लाकडी तलवार, पकडापकडीच नको.

सरांनी दुसरा पर्याय तिथल्या तिथं उडवून लावला आणि मला त्यांचं म्हणणं मनापासून पटतं. जो कधी पडत नाही त्याला आपलं टेक्निक समोरच्याच्या मानेला, मनगटाला, खांद्याला काय करतंय हे कधी कळतच नाही. नुसता फेकणारा माणूस मॅटवर सगळ्यात धोकादायक, आणि तो ताकदवान असेल तर फारच. पैलवानांना ठेवायचं तर पडायला शिकवूनच ठेवायचं.

आधी पकडीचा प्रश्न घेतला कारण तो सोपा होता. सरांनी स्वतः मनगट पुढं केलं. पैलवानांनी धरलं, पाय रोवले. सर म्हणाले, "आता पुढं काय करणार?" "काय न्हाई, धरून हाय." "आखाड्यात असं नुसतं धरून उभं राहता व्हय?" पैलवान हसले, म्हणाले न्हाई, ओढणार, हात काढून पट घेणार. "मग तेच करा, फक्त हळू." त्यांनी ओढायला सुरुवात केल्याबरोबर त्यांचा भार एका दिशेनं निघाला, सर त्याच दिशेनं त्यांच्या आधी गेले आणि पैलवान पाऊल टाकत फिरले. परत नुसतं घट्ट धरायला लावलं आणि सरांचा दुसरा हात सरळ त्यांच्या तोंडासमोर गेला, मारला नाही, दाखवला. ह्याला आतेमी म्हणतात. पैलवानांचं डोकं मागं गेलं, पकड सैल झाली. पुढं काय येणार हे आधीच माहीत असताना जागेवर घट्ट होऊन बसणं ही वेगळी गोष्ट आहे आणि हल्ला करणं वेगळी, एवढं पैलवानांना दोन मिनिटांत पटलं कारण हे त्यांच्या धंद्यातलंच होतं.

पण क्लासला जे कळलं ते जास्त महत्त्वाचं होतं असं माझं मत आहे. आम्ही सगळे एकमेकांसाठी थोडे थोडे आपणहून पडत होतो, सवयीनं, समोरच्याचा तोल गेला नसतानाही. पैलवान पडत नव्हते म्हणून ते उघडं पडलं. सरांनी त्या दिवशी तेनर्यूची गोष्ट सांगितली, सुमोतला मोठा पैलवान, १९३९ साली मांचुरियात त्याची उएशिबांशी गाठ पडली, उएशिबा उंचीनं पाच फुटांच्या थोडेच वर, आणि तेनर्यूला त्यांना हलवता आलं नाही, मग तो त्यांच्याकडेच शिकायला राहिला. सर म्हणाले की तेनर्यू आपल्याकडे येऊन बसलाय आणि तुम्ही तक्रार करताय.

पाठीचं काय झालं

इथं मात्र वेळ लागला. सुरुवात झोपूनच केली. पाठीवर पडायचं, गुडघे छातीशी, हनुवटी आत, आणि पुढं मागं झुलायचं, लहान पोरं करतात ते. पैलवान झोपले की अंग लाकडासारखं ताठ, मान आपोआप मागं वाकायची. "सर, पाठ टेकली की अंगावर काटा येतोय बघा. वस्ताद कुठनं तरी बघत्यात असं वाटतंय." हे बोलताना ते गंमत करत नव्हते. मॅट सोडा, घरातल्या गादीवर सुद्धा ते कुशीवर झोपतात असं त्यांच्या मुलीनं सांगितलं.

मध्येच एकदा ते स्वतःच म्हणाले, "खाशाबांना बी लंडनला मॅट नवीच होती की." खरं आहे ते, खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा मातीतले होते, मॅटची सवय नव्हती, तरी सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आले. हे त्यांनी स्वतःला समजावण्यासाठी काढलं होतं, आम्ही कुणी सुचवलं नव्हतं, आणि त्यानंतर त्यांचं झुलणं जरा मोकळं झालं.

खरा मार्ग सापडला तो सरांच्या एका साध्या प्रश्नानं. त्यांनी विचारलं की तालमीत बारक्या पोरांना तुम्ही कसं शिकवायचा. पैलवान म्हणाले खेळवायचो. दाखवा म्हटल्यावर मुलीला बोलावलं, गुडघा सांभाळत खाली वाकले, तिला सांगितलं माझा पाय धर, आत शीर, डोकं वर ठेव, हां आता रेट. पोरीनं जमेल तसा एकेरी पट घेतला आणि पैलवान गेले की हो मागं, पाठ गोल, हनुवटी आत, हात बाजूला मॅटवर सपाट. एकदम स्वच्छ उकेमी. कुणी काही बोललं नाही, सरच म्हणाले, "पैलवान, परत एकदा." परत तसंच. मग सर म्हणाले की आत्ता तुमची पाठ टेकली. ते उठून बसले, मॅटकडे बघत म्हणाले, "ही कुस्ती न्हवती की सर. पोराला डाव कळाय पाहिजे तर डाव बसू द्याय लागतोय, मध्येच तोडला तर ते शिकणार कसं." सर म्हणाले, उके म्हणजे एवढंच.

म्हणजे त्यांना पडता येत होतं, वर्षानुवर्षं येत होतं. फक्त ते शिकवताना पडायचे आणि लढताना पडायचे नाहीत, आणि आमच्या मॅटवर समोर मोठा पुरुष आला की शरीर ठरवायचं की ही लढत आहे.

त्या एका संध्याकाळीनं सगळं सुटलं असं मुळीच नाही. पुढच्याच क्लासला एका सीनियरसमोर उभे राहिले आणि पुन्हा हवेत वळून पोटावर. पण आता कशावर काम करायचं हे कळलं होतं. सहसा आपण टेक्निक सोप्याकडून अवघडाकडे नेतो, इथं सरांनी टेक्निक तेच ठेवलं आणि जोडीदार बदलत नेले. आधी फक्त मुलगी. मग क्लासमधली इतर शाळकरी पोरं, ज्यांना पैलवान अर्थातच शिकवत असल्यासारखं खेळवायचे. मग बँकेतल्या ताई. मग नवीन आलेली कॉलेजची पोरं, मग जुनी, आणि सगळ्यात शेवटी त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच वजनाचे पुरुष. प्रत्येक पायरीवर काही दिवस मागं जाणं व्हायचं, विशेषतः उंच माणूस समोर आला की. ह्याच्या जोडीला एक कडक नियम होता. हात खाली जायला लागतोय असं वाटलं की मॅटवर थाप मारायची, सोडून द्यायचं, दोन पावलं मागं, आणि जोडीदारानंही त्याच क्षणी थांबायचं. पहिल्या पहिल्यांदा थापांचा नुसता सपाटा असायचा. हा नियम त्यांच्यासाठी केला पण आता सगळ्यांना लागू आहे.

गुडघ्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागली. सेइझात, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसणं, गुडघ्यावर चालणं, बसून करायची टेक्निक हे त्यांच्यासाठी पूर्ण बंद. जपानी कला म्हणून सगळ्यांनी गुडघ्यावरच बसलं पाहिजे असा हट्ट काही ठिकाणी धरतात, मला तो अजिबात पटत नाही, लिगामेंट गेलेल्या माणसाला सेइझात बसवून त्याची श्रद्धा मोजायची नसते. मागं पडताना जो पाय दुमडतो त्यावर बराच भार येतो म्हणून त्यांना फक्त डावा पाय दुमडून पडायला शिकवलं. त्यामुळं त्यांची एकच बाजू तयार झाली, दुसरी कच्ची राहिली. हा तोटा मान्य करूनच ते केलं.

आज कुठं आहे

मनगट दुखावलेला तो पोरगा परत आला. आईची समजूत त्यानंच घातली असं कळलं. पैलवानांच्या जोडीला तो आपणहून गेला, इरिमिनागेलाच, आणि पैलवान पाठीवर पडले. आता ते दोघं बऱ्याचदा जोडी लावतात.

नवीन येणाऱ्याला आधी कुठला खेळ खेळलाय हे आता आम्ही फॉर्मवरच विचारतो, आणि उत्तर कुस्ती असेल तर पहिला जोडीदार लहान पोरगं किंवा पोरगी, मोठा माणूस नाही. कबड्डीवाल्यांनाही हे लागू पडेल असं मला वाटतं, पकडला गेला तरी झुंजत राहायचं हे त्यांच्याही अंगात असतं, पण तसा कुणी अजून आलेला नाही.

एका गोष्टीवर आमच्यात अजून वाद आहे. काही सीनियरांचं म्हणणं की पैलवान आता छान उके झालेत, त्यांनी आता अडवू नये. मला हे चुकीचं वाटतं. त्यांची ती घट्ट पकड घालवली तर आमचं नुकसान आहे, आपलं टेक्निक खरं आहे की नुसतं समोरच्याच्या सौजन्यावर चाललंय हे सांगणारा क्लासमध्ये तोच एक माणूस आहे. सरांनी सध्या शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं त्यासाठी ठेवलीत, पैलवान मनगट धरतात आणि ज्याचा तोल खरंच जाईल तेवढंच जाऊ देतात, आपणहून काही देत नाहीत. त्या पंधरा मिनिटांत माझं तेनकान बऱ्याचदा अडतं आणि का अडलं हे ते बरोबर सांगतात, "तुमची कंबर मागं राहत्या, नुसता हातच फिरतोय."

परीक्षेला बसायचं त्यांनी ठरवलंय, मुलगी त्यांच्या एक क्यू, म्हणजे परीक्षेची एक पायरी, पुढं आहे. डोक्यावरून जाणारे मोठे फॉल मात्र आम्ही त्यांना अजून देत नाही, आणि हॉलमध्ये जाड मॅट येईपर्यंत देणारही नाही.